दोघांचंच टेबल: डिस्नेतली पाच दिवसांची जेवणं

देवबागला आमची सहा टेबलांची खानावळ आणि वर भाड्याच्या दोन खोल्या. मी आत, हे बाहेर. सीझनला हे दीड वाजता उभ्याउभ्या दोन घास गिळतात आणि मी साडेतीनला, भांडी पालथी घातल्यावर, पातेल्यात उरलेल्या कढीत भात कालवते. दोघं समोरासमोर बसलोय आणि तिसरं कुणीतरी वाढतंय, असं शेवटचं आमच्या लग्नात झालं होतं. त्याला या मे महिन्यात 24 वर्षं झाली.

पुतण्या अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला असतो. तो म्हणाला, जूनमध्ये तुमचं बंदच असतं, या की. खरं आहे. मेअखेरीला स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. फ्रीझरातला मासा वाढायचा नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं, त्यामुळे खानावळीलाही कुलूप. तीन आठवडे गेलो. त्यातले पाच दिवस ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, म्हणजे राइडची मोठमोठी पार्कं आणि त्यांचीच हॉटेलं, आणि तिथे आम्ही दोघंच, कारण पुतण्याला सुट्टी नव्हती. गावात हे कळल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पोरांबिरांशिवाय थंय जावन काय करतल्यात?" आम्हाला मूल नाही, आणि त्यावर जे बोलायचं ते सगळ्यांचं बोलून झालेलं आहे. मी म्हटलं, "जेवूक."

तर हा रिव्ह्यू जेवणांचा. पाळण्यांचं आणि घसरगुंड्यांचं लोकांनी भरपूर लिहिलंय. मी एका आगगाडीत डोळे मिटून बसले, एवढंच माझं त्यातलं ज्ञान.

पहिली गोष्ट, तिथे भूक लागली म्हणून चांगल्या ठिकाणी जेवायला मिळत नाही. टेबलं 60 दिवस आधी सुटतात. डिस्नेच्याच हॉटेलात राहणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून 60 दिवस मोजायचे आणि पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदमच धरता येतात. म्हणून पुतण्याने त्यांचं सगळ्यात स्वस्तातलं हॉटेल घेतलं. बुकिंग सुटतं तिथल्या सकाळी सहाला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनला. एप्रिलची दुपार, बाहेर शेवटचं टेबल सोलकढी परत मागतंय, आणि मी पिठाचे हात पुसून मोबाइलवर जिराफ दिसणाऱ्या हॉटेलात दोघांचं टेबल धरतेय. टेबल धरून ऐन वेळी गेला नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी 10 डॉलर कापतात. हे मला फार आवडलं. शनिवारी फोनवर "आठ जण येतोय" सांगून न येणाऱ्यांसाठी मी हे कधीपासून करायचं म्हणतेय.

हे म्हणाले, पाच दिवस म्हणजे दहा जेवणं, दहाही धर. मी नाही म्हटलं. बसून जेवायची जेवणं फक्त चार. बाकी काउंटरवर घ्यायचं किंवा पिशवीतलं खायचं. कारण साधं आहे. तिथे बसून जेवायला दीड तास सहज जातो, बिलावर साडेसहा टक्के कर लागतो, त्यावर 18 ते 20 टक्के टिप. ही टिप ऐच्छिक म्हणतात, पण वाढपी तिच्यावर जगतात, तेव्हा ती किमतीतच धरा. आम्ही गेलो तेव्हा डॉलर साधारण 85 रुपयांचा होता. मी पहिल्या दिवशी प्रत्येक पदार्थाला 85 ने गुणत होते. दुसऱ्या दिवशी यांनी मोबाइलातला कॅल्क्युलेटर बंद करायला लावला.

आता चार कुठली, हे ठरवताना मी आधी कुठली नको ते काढलं. ज्या जेवणांना मिकी किंवा राजकन्या टेबलापाशी येतात ती सगळी बाद. मॅजिक किंगडम या पार्कातल्या किल्ल्याच्या आत सिंड्रेलाच्या नावाचं जेवणघर आहे, एका हॉटेलात शेफ मिकीचं आहे. तिथे ताटाचा ठरलेला आकडा असतो आणि त्यात त्या सोंगांच्या भेटीचेही पैसे आले. दशावतारात संकासुर पोरांत शिरला की पोरं जशी किंचाळतात, तसा तो आनंद. मूल असतं तर मी पहिलं तेच टेबल धरलं असतं. दोघांनी जाऊन मिकीबरोबर फोटो काढण्यापुरतं ते महाग आहे. तिथे तीन ते नऊ वर्षं म्हणजे मूल, दहापासून पूर्ण माणूस, असा हिशोब असतो. आम्ही तर पूर्णच्या पूर्ण दोन.

दुसरं टोकही बाद केलं. ग्रँड फ्लोरिडियन नावाच्या हॉटेलात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स हे जेवणघर आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही, 2024 मध्ये मिशेलिनचा, म्हणजे जेवणघरांना मिळणारा मानाचा, एक स्टारही मिळालाय. मुलांशिवाय जाणाऱ्या जोडप्यांना सगळे तेच सुचवतात. ताट माणशी 300 डॉलरच्या घरात. दोघांचे 51 हजार रुपये, कर आणि टिप वेगळी. आमच्या सव्वाशे सुरमई थाळ्या होतात तेवढ्यात. वाईट असेल असं नव्हे, उलट फार चांगलं असणार. पण मी तिथे पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत थाळ्याच मोजल्या असत्या.

मग राहिली मधली. त्यात मी एकच बघितलं, की बसल्यावर समोर काहीतरी बघायला असावं. आम्हा दोघांना बोलायची सवय कमी. आमचं बोलणं म्हणजे "चार वडे आणखी" आणि "पाच नंबरला पाणी". नुसतं समोरासमोर बसवलं तर दहा मिनिटांत गॅस सिलिंडरचा विषय निघाला असता.

आमचं पहिलं जेवण सना नावाच्या जेवणघरात, ते मी जन्मात विसरणार नाही. हे अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात आहे, त्याच्या किदानी व्हिलेज नावाच्या भागात. हॉटेलात असल्यामुळे तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही, हे लक्षात ठेवा. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात मात्र सरळ बस नसते. म्हणून ज्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम हे पार्क करायचं, त्याच दिवशी तिथून बस पकडून जायचं. आणि दिवसाउजेडी. खिडक्यांबाहेर मोकळं रान ठेवलंय, त्यात जिराफ, झेब्रे फिरतात. अंधार पडला की काच म्हणजे नुसता आरसा.

सना म्हणजे स्वाहिली भाषेत कला. जेवण आफ्रिकेचं, पण त्यात आपला मसाला शिरलेला. ते लोक याला हिंदी महासागरातल्या मसाल्याच्या व्यापाराची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. मोसमी वाऱ्यावर गलबतं तिकडून आपल्या किनाऱ्याला आणि इकडून तिकडे जातच होती. नवल वाटलं ते ब्रेड सर्व्हिसचं. एका लांब पाटावर पाच तऱ्हेच्या रोट्या, नान आणि परोठे, आणि शेजारी नऊ छोट्या वाट्या. काकडीची कोशिंबीर दह्यातली, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, लाल मिरचीचा सांबल, हिरव्या मिरचीचं लिंबातलं लोणचं, ढोबळी मिरची घातलेलं हमस म्हणजे वाटलेले काबुली चणे, आणि टोमॅटो-खजुराचा जॅम. किंमत वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास. दोघांचं पोट त्यातच निम्मं भरतं, वर एकच मेन घेतलं आणि दोन ताटल्या मागितल्या. कुणी भुवई उंचावली नाही.

नान ठीक. त्याबद्दल खोटं लिहीत नाही, तंदुरातून आलेल्या नानाला जी खरपूस टिकली लागते ती कमी होती. आंब्याच्या चटणीत साखर जास्त, आमच्या वहिनींची मेथांब्याची बरणी उघडली असती तर त्यांचं सगळं दुकान उठलं असतं. पण तो टोमॅटो-खजूर! मी तीन वेळा वाटी परत मागवली. आंबट आधी, गोड नंतर, आणि शेवटी जिभेच्या टोकाला काहीतरी तिखट. मी वाटीच्या तळाशी बोट फिरवून ते काय आहे याचा शोध घेत होते, तेव्हा हे एकदम म्हणाले, "गो, बघ." काचेपलीकडे लांबलचक शिंगांची एक गाय रवंथ करत उभी. अंकोले जातीची, आफ्रिकेतली. इतके जिराफ फिरतायत आणि आमचे हे पंधरा मिनिटं गाय बघत बसले. दूध किती देत असेल, यावर आम्ही बोललो. मग लहानपणी यांच्या घरी असलेल्या गायीवर. ती गोष्ट मला 24 वर्षांत माहीत नव्हती.

दुसरं, एपकॉट पार्कातलं सॅन एंजल इन. एपकॉटच्या मागच्या अर्ध्या भागात तळ्याभोवती 11 देशांचे मंडप आहेत, सगळा फेरा दोनेक किलोमीटरचा. भारत नाही त्यात. मेक्सिकोच्या मंडपाच्या पिरॅमिडमध्ये शिरलं की आत कायमची रात्र केलेली आहे. बाहेर फ्लोरिडाचं दुपारचं ऊन, आत कंदील, बाजार, आणि तुमच्या टेबलाच्या बाजूने होड्यांची राइड जाते. मेनूकार्ड वाचायला यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. शेजारच्या टेबलावरचे म्हातारा-म्हातारी हसले आणि त्यांनीही लावला.

तिथे मी मोले पोब्लानो घातलेली कोंबडी घेतली. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले भाजून वाटायचं आणि त्यात थोडं चॉकलेट. नाव ऐकून हे घाबरले होते. मी पहिला घास घेतला आणि मला आमच्या भाजलेल्या वाटपाचाच भाऊ भेटला. खोबरं नाही, तिरफळ नाही, पण भाजण्याचा तो कडेचा कडवटपणा तोच, बाजूला बसून ढवळलं नाही तर जळतो तोच. चॉकलेट गोडाला नाहीच, रंगाला आणि दाटपणाला. मिरची मुळात त्यांचीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला आली, काजूही त्याच वाटेने ब्राझीलहून. म्हणजे आम्ही उधारीचं वाटप करतो आणि त्याला मालवणी म्हणतो. हे मी यांना म्हटलं तर म्हणाले, "ह्या गावात जावन सांगू नको." खायला नीट दिसत नाही एवढा अंधार आहे, हे आधी सांगून ठेवते. चष्मा असेल तर तो पर्समध्ये नको, डोळ्यावर हवा.

तिसरं जेवण यांच्या हट्टाने. त्याच पार्कात कोरल रीफ म्हणून जेवणघर आहे. तिथे एक अख्खी भिंत म्हणजे मत्स्यालयाची काच. 57 लाख गॅलन पाणी, म्हणजे दोन कोटी लिटरच्या वर. पलीकडे शार्क, कासवं, वाघळ्या फिरतायत आणि अलीकडे तुम्ही मासा खाताय. कुणाला हे विचित्र वाटेल. आम्हाला नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक रापणीचा मासा वाळूत उडताना बघतं आणि तोच तासाभरात ताटात मागतं. हे काचेला नाक लावून "ही मोरी, ही तांब, ही वाघळी" करत बसले, आणि शेजारच्या टेबलावरची सहा वर्षांची पोरगी यांच्यामागे येऊन उभी राहिली. तिला मराठी येत नव्हतं आणि यांना इंग्रजी. दोघांचं बरंच बोलणं झालं.

माशाबद्दल मात्र कोकणातून जाणाऱ्या प्रत्येकाने मन घट्ट करून जावं. तिथे मासा म्हणजे तुकडा. डोकं नाही, काटा नाही, कातडी असली तर नशीब. मी ग्रूपर घेतला, म्हणजे आपला हेकरूच समजा. ताजा होता, नीट शिजलेला, आतून पाणी सुटत होतं तसाच. पण काटा काढायचा नसला की मासा खायला सात मिनिटं लागतात. मग उरलेला वेळ करायचं काय? आपल्याकडे बांगडा खाताना माणूस बोटाने विचार करतो. काट्याने-चमच्याने तो विचार होत नाही.

चौथं टेबल कुठलं ते लिहीत नाही, कुठल्या पार्कात तेही नाही. तळलेली कोळंबी मागवली होती. टेबलावर येण्याआधीच मला वास आला. तेल कालचं असतं तेव्हाचा एक वास असतो आणि परवाचं असतं तेव्हाचा वेगळा. हा परवाचा. पैसे देऊन खाल्लं, वर टिप दिली, आणि वाढणाऱ्या पोराला काही बोलले नाही. तेल बदलायचं की नाही ते त्याच्या हातात नसतं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, बोलायचं होतंस. मी म्हटलं, आपल्याकडे कुणी असं गप्प बसून गेलं असेल का कधी? त्या रात्री मला त्याच विचाराने झोप लागली नाही. कोळंबीमुळे नव्हे.

वेळेचं सांगते, कारण हे मला धंद्यातलं कळतं म्हणून जमलं. आम्ही बसायची जेवणं दुपारी अडीचची धरली. अडीच ते साडेचार कुठल्याही जेवणघराचा मोकळा वेळ. आतलं माणूस दमलेलं असतं पण घाई नसते, आणि चांगली खिडकी मागितली तर मिळते. मुलांची कुटुंबं बाराला जेवून मोकळी झालेली असतात, संध्याकाळच्या जेवणाला पाचलाच परत येतात. शिवाय जूनमध्ये तिथे रोज दुपारी तीनच्या सुमारास आभाळ फुटतं. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात आणि सगळी माणसं झाडाखाली, छपराखाली, प्लॅस्टिकचे रेनकोट घालून. आम्ही त्या वेळी आत, थंडगार, दुसरी वाटी पुसत. साडेचारला बाहेर यावं तर पाऊस थांबलेला, जमीन वाफा सोडतेय, रांगा निम्म्या. देवबागच्या माणसाला पावसाचं वेळापत्रक पाळायला शिकवावं लागत नाही.

बाकीच्या पोटाचं असं. खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेचं भांडं आणि दारू नको. मी बेसनाचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि मालवणी खाजा नेला होता. खाजा तिसऱ्या दिवशी घामट हवेने मऊ पडला, पण संपला. पाण्याला पैसे देऊ नका, ज्या काउंटरवर सोडा मिळतो तिथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशीच्या बाटल्यांचा हिशोब मी यांना सांगितलेला नाही. काउंटरचं जेवण मोबाइलवरून मागवता येतं, पैसे आधी, मग "आम्ही आलो" म्हणून बटण दाबायचं. अ‍ॅनिमल किंगडम पार्काच्या पॅन्डोरा नावाच्या भागात सतुली कँटीन आहे, तिथे भाताच्या वाडग्यात वरून हवं ते घालून देतात. भात मिळाल्यावर यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि मॅजिक किंगडममध्ये डोल व्हिप नावाचं अननसाचं, आइस्क्रीमसारखं असतं ते जरूर खा. एक घेतलं तरी चालेल, दोन चमचे मागा.

आणखी एक फुकटची गोष्ट. लग्नाचा वाढदिवस असेल तर सांगा, एक बिल्ला देतात. आम्ही "मे महिन्यात झाला" असं खरं सांगितलं, तरी दिला. यांनी तो सदऱ्याला लावला आणि शेवटच्या दिवसापर्यंत काढला नाही. जो भेटेल तो वाढपी, बसचा ड्रायव्हर, झाडू मारणारा, सगळे अभिनंदन करत होते. चौथ्या दिवशी हे मान डोलवून असं स्वीकारायला लागले की जणू निवडून आलेत.

शेवटच्या रात्री जेवणाचं टेबल नव्हतंच. कन्टेम्पररी हॉटेलच्या 15 व्या मजल्यावरच्या कॅलिफोर्निया ग्रिल या जेवणघरातून मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते म्हणतात, पण मला त्याचं बुकिंग मिळालं नाही, साडेतीनला हात पिठात होते तो दिवस. आम्ही खाली गवतावर बसून उरलेले तीन लाडू खात बघितली. दीड लाडू मी, दीड हे.

घरी आल्यावर नारळी पौर्णिमेनंतर खानावळ उघडली. टोमॅटो-खजुराचा मी चार वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी आमसुलाचं पाणी घातलं आणि एक सुकी बेडगी, तेव्हा जवळ गेला. घावण्याबरोबर छोट्या वाटीत देते. पुण्याच्या एका बाईंनी दोनदा मागवला आणि विचारलं, हे इथलं पारंपरिक का? हे गल्ल्यावरून म्हणाले, "होय, होय." आता यांच्या डोक्यात शिरलंय की घावण्याबरोबर नऊ चटण्या ठेवायच्या, लांब पाटावर, माणशी शंभर रुपये जास्त. फणसाचा पाट सुताराकडे सांगूनही आलेत.

मी म्हटलं, "नऊ वाट्यो कोण घासतलो?"

हे सदऱ्यावरचा बिल्ला सरळ करत बाहेर गेले.